काळी पिशवी आणि सासूबाईंची खोली

पत्र (मूळ पत्र चार पानी होतं, कापून देतेय, रागावू नका)

"ताई, आमच्या सासूबाई चैत्रात गेल्या. शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होत्या, डायबेटिस, बीपी, सगळंच. आता गणपतीला नणंदा आणि त्यांची मुलं येणार म्हणून त्यांची खोली रिकामी करायला घेतलीय आणि रडू यायच्या ऐवजी घामच फुटलाय. एक अख्खं कपाट औषधांचं. इन्सुलिन पेनच्या सुया श्रीखंडाच्या डब्यात साठवलेल्या, किती असतील देव जाणे. डायपरचे दोन पुडे उरलेत, वापरलेल्यांचं तर आठवायला नको. पाऱ्याचं थर्मामीटर, सासऱ्यांच्या वेळचं पाऱ्याचंच बीपी मशीन, कानाचं मशीन, तीन जुने मोबाइल, गेलेल्या ट्यूबा, एअर बेड, वॉकर, देवांच्या फोटोंची चळत. मिस्टर म्हणतात सगळं दोन काळ्या पिशव्यांत भर आणि सकाळी दाराबाहेर ठेव, कोण बघतंय. वॉचमन म्हणतो दोनशे रुपये द्या, मागे जाळून टाकतो. मला दोन्ही पटत नाहीये, पण मग करू काय? आणि त्यांची कवळी अजून बेसिनवरच्या ग्लासात आहे, ती काही टाकवत नाही. — कोथरूडची एक सून"

उत्तर

अहो ताई, आधी एक चहा करून घ्या आणि त्या खोलीचं दार लोटून बाहेर येऊन बसा. गणपतीला अजून वेळ आहे आणि ही खोली एका रविवारात रिकामी होणारी नाहीये, तीन वर्षं साठलेलं आहे ते.

मिस्टरांचं "कोण बघतंय" आधी घेते, कारण माझ्या घरीही हे वाक्य बरंच चालायचं, आणि बोलणारी मीच असायचे. बघतंय कोण, तर सकाळी कचरा घ्यायला येणारी ताई बघते. पिशवी उघडून, हात घालून बघते, कारण पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्रा वेगळं काढून विकलं तर तिचे चार पैसे सुटतात, नुसत्या महिन्याच्या फीवर तिचं भागत नाही. काळी पिशवी असली की तिला बाहेरून काही दिसतच नाही, आत भाजीची देठं आहेत का ब्लेड आहे हे हातालाच कळतं. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून काचेची बरणी फुटली, मी ती अशीच काळ्या पिशवीत टाकली, वर भाताचं खरकटं ओतलं आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यातून आवाज आला म्हणून बघायला गेले तर ताईचा तळवा अंगठ्याच्या खाली चांगला चिरलेला, आणि ती बाई माझ्याच कचऱ्यातला एक फडका झटकून हाताला बांधत होती. मी पळत जाऊन डेटॉल आणलं तर म्हणाली, "काच घातली तर सांगायचं तरी होतं ओ." एवढंच बोलली आणि पुढच्या दारी गेली. तेव्हापासून आमच्या घरात काळी पिशवी बंद झाली. तुमच्या डब्यात तर काचही नाही, शे-दोनशे वापरलेल्या सुया आहेत, तेव्हा विचार करा.

या बायकांचे पुण्यावर जरा जास्तच उपकार आहेत. १९९३ साली कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्यासारख्या माणसांच्या साथीने इथे कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, मग त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून त्या घरोघरचा कचरा गोळा करायला लागल्या. उकिरड्यावर वाकून वेचण्यापेक्षा दारातून हातात घेणं बरं, हा त्यामागचा साधा हिशोब. पण दारातून घेतानाही आपण सुया देणार असू तर मग काय उपयोग, उकिरडाच बरा होता म्हणायचा.

वॉचमनचं लगेच निकालात काढू. जाळायचं नाही. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६ चा आदेशच आहे आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. दंड राहू दे बाजूला, त्या ढिगात प्लॅस्टिकचे डायपर, औषधांच्या स्ट्रिपा, बॅटऱ्या असणार, तो धूर वॉचमनच्या खोलीत आणि पहिल्या मजल्यावरच्या बाळंतिणीच्या खिडकीत जाणार. शिवाय इनहेलर किंवा डिओचा डबा त्यात असला तर आगीत फटाक्यासारखा उडतो. दोनशे रुपये वाचवा आणि त्याला चहाला द्या.

आता खोलीत जाऊ. सुयांपासून सुरुवात करा कारण खोलीतली सगळ्यात वाईट गोष्ट तीच, आणि सोडवायला तशी सोपी.

श्रीखंडाचा डबा नको. त्याचं प्लॅस्टिक पातळ असतं, झाकण दाबलं की वाकतं आणि पडला तर टपकन उघडतो. फिनेलची नाहीतर लिक्विड डिटर्जंटची रिकामी जाड बाटली घ्या, ती धुऊन वाळवा आणि डब्यातल्या सुया तिच्यात ओता. हाताने उचलायच्या नाहीत, डबा तिरका करून जाड कागदाच्या पन्हाळीवरून सोडायच्या. वाकवायच्या नाहीत, मोडायच्या नाहीत, आणि ती बारकी टोपी परत घालायच्या नादाला तर अजिबात लागायचं नाही, टोचतं ते नेमकं तिथेच. साखर तपासायच्या मशीनच्या टोचण्यापण ह्याच बाटलीत. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, पाऊण झाली की झाकण लावून वरून चिकटपट्टीचे चार वेढे आणि मार्करने मोठ्ठ्या अक्षरात "सुया आहेत, उघडू नका". मग ही बाटली घेऊन सासूबाईंच्या डायबेटिसच्या डॉक्टरांकडे नाहीतर जिथे रक्त तपासायला द्यायचात त्या लॅबमध्ये जा. दवाखान्यांना, लॅबना जैववैद्यकीय कचरा वेगळा द्यावाच लागतो, त्यांच्याकडे त्याची गाडी येते. सगळे हो म्हणतीलच असं नाही, पण ज्या डॉक्टरांनी तीन वर्षं इन्सुलिन लिहून दिलं त्यांना सांगायला संकोच कसला. मी एकदा माझ्या वडिलांच्या सुया घेऊन गेले तर रिसेप्शनवरची मुलगी आधी "आम्ही नाही घेत" म्हणाली, आतून डॉक्टरांनी ऐकलं आणि म्हणाले, घे गं.

आणि कुणीच नाही घेतलं तर वॉर्ड ऑफिस, म्हणजे आपलं क्षेत्रीय कार्यालय. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ओला आणि सुका याशिवाय तिसरा एक कचरा स्पष्ट लिहिलेला होता, घरगुती घातक कचरा, आणि तुमच्या कपाटातलं जवळजवळ सगळं त्या यादीत होतं बघा: मुदत संपलेली औषधं, फुटलेली पाऱ्याची थर्मामीटरं, वापरलेल्या सुया-सिरिंजा, ट्यूबा, सीएफएल, बॅटऱ्या, रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे. असा कचरा आणून द्यायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र हवं असंही त्यात म्हटलं होतं. आता कागदावरचं आणि गल्लीतलं यात आपल्याकडे जे अंतर असतं ते इथेही आहे, म्हणून आरोग्य निरीक्षकाला फोन करून सरळ विचारायचं की आमच्या भागात घातक कचरा कुठे आणि कुठल्या वारी घेतात. सोसायटीच्या लेटरहेडवर विचारलं तर उत्तर लवकर येतं, हा अनुभव.

औषधांच्या कपाटाचे दोन ढीग करा, जमिनीवर जुनी चादर टाकून. एकात सीलबंद आणि मुदत बरीच शिल्लक असलेल्या पूर्ण स्ट्रिपा. दुसऱ्यात मुदत संपलेली, अर्धवट कापलेली, बाटल्यांमधली उरलेली सिरपं, थेंब, मलमं.

पहिल्या ढिगाचं काय, तर काही धर्मादाय दवाखाने अशा स्ट्रिपा घेतात, पण आधी फोन करा आणि त्यांचा फार्मासिस्ट बघणार असेल तरच द्या. कामवालीला, वॉचमनला "बीपीच्या गोळ्या आहेत, घे" म्हणून वाटू नका प्लीज, आपल्याकडे हे फार चालतं आणि भलं करायच्या भरात कुणाची तरी साखर खाली जाते. फ्रिजमधलं इन्सुलिन मात्र कुणी घेणार नाही, ते २ ते ८ डिग्रीत राहिलं होतं याची खात्री कोण देणार, मे महिन्यात लाईट गेले असतील, कुणी दार उघडं टाकलं असेल, ते दुसऱ्या ढिगात.

दुसरा ढीग बेसिनमध्ये ओतू नका, कमोडमध्येही नाही. आपण समजतो वाहून गेलं, पण जातं मुठा नदीतच. मैलापाणी शुद्धीकरणाचे प्लांट औषधं काढण्यासाठी बांधलेले नसतात, त्यात अँटिबायोटिक्स असली तर पाण्यातले जंतू त्यांना सरावतात आणि मग तीच औषधं आपल्याला लागू पडेनाशी होतात. घातक कचऱ्याचं केंद्र मिळालं तर सरळ तिथे द्या, ते सगळ्यात उत्तम. नाहीच मिळालं तर गोळ्या पाकिटातून काढून जुन्या बरणीत टाका, त्यात चहाचा चोथा किंवा माती आणि थोडं पाणी घालून कालवा, झाकण लावून टेप मारा. हे कशासाठी, तर कचऱ्यात लहान पोराला किंवा कुत्र्याला रंगीत गोळ्या दिसून ती तोंडात जाऊ नयेत, आणि ती परत कुठे विकलीही जाऊ नयेत. कमोडमध्ये न टाकण्याला एकच अपवाद आहे आणि तो अगदी उलटा आहे. शेवटी शेवटी दुखण्यासाठी मॉर्फीन किंवा अंगावर चिकटवायचे फेंटानिलचे पॅच दिले असतील तर ते घरात एक दिवसही ठेवू नका, वापरलेल्या पॅचमध्येही एखाद्या लहान मुलाच्या जिवावर बेतेल इतकं औषध शिल्लक असतं, ते फ्लशच करायला सांगतात, पण आधी डॉक्टरांना विचारा. तुमच्याकडे मुलं येणार आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

रिकाम्या स्ट्रिपा सुक्या कचऱ्यात जातात, भंगारवाला मात्र घेत नाही, त्यात ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक एकमेकांना चिकटलेलं असतं आणि ते सोडवणं त्याला परवडत नाही. चिप्सच्या पाकिटांचंही तेच.

डायपर. न उघडलेले दोन पुडे आहेत ना, ते कचरा नाहीतच. वृद्धाश्रमाला फोन करा, घ्यायला माणूस पाठवतील. वापरलेल्यांचं तुम्ही म्हणता "आठवायला नको", आणि मी काही उकरून काढत नाही, त्या तीन वर्षांत तुमचं काय झालं असेल ते तुम्हालाच माहीत. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी आत्ता कुणी अंथरुणावर असेल तर त्यांच्यासाठी: आतली घाण आधी कमोडमध्ये, मग डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळून वर्तमानपत्राच्या पानात बांधायचा आणि पुडीवर लाल स्केचपेनने मोठा ठिपका. सॅनिटरी पॅडचंही तसंच. पुण्यात स्वच्छच्या बायकांनीच ही लाल ठिपक्याची मोहीम चालवली, ठिपका दिसला की त्या पुडी उघडत नाहीत, सरळ वेगळी ठेवतात. एका स्केचपेनची किंमत ती काय. आमच्या बिल्डिंगमध्ये एका आजोबांनी नातवाला हे कामच लावून दिलं होतं, तो रोज संध्याकाळी पुड्यांवर ठिपक्याऐवजी लाल सूर्य काढायचा, नाक-डोळ्यांसकट.

आता पारा. इथे जरा थांबून वाचा.

थर्मामीटरमध्ये पारा साधारण एक ग्रॅमच्या आसपास असतो, पण सासऱ्यांच्या वेळचं ते उभ्या काचेच्या नळीचं बीपी मशीन म्हणजे कितीतरी पट पारा, ते उचलून बघा, जड लागेल. ते आडवं करू नका, नळीच्या तळाशी पारा बंद करायची कळ असेल तर ती आधी फिरवा, मग डब्याचं झाकण लावून उभंच एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ती खोक्यात. थर्मामीटर त्याच्या नळकांड्यात घालून दुसऱ्या बरणीत. दोन्ही घातक कचऱ्यात, भंगारवाल्याला अजिबात नाही, तो लोखंडाच्या डब्यासाठी ते फोडणार आणि पारा तिथेच गटारात.

आणि फुटलंच तर? आमच्या लहानपणी थर्मामीटर फुटलं की आम्ही ते चांदीचे गोळे पाटीवर पळवत खेळायचो, आई म्हणायची पुरे आता, बस. आज अंगावर काटा येतो. पारा बोटाला लागण्यापेक्षा त्याची वाफ छातीत जाणं वाईट, आणि ती वाफ खोलीच्या साध्या तापमानालाही होत असते, दिसत नाही, वासही येत नाही. म्हणून पोरांना बाहेर काढा, पंखा-एसी बंद, खिडक्या उघड्या. आणि हातातल्या बांगड्या-पाटल्या-अंगठी काढून ठेवा हो, सोन्याला पारा लागला की धरून बसतो, सोनं पांढरं पडतं. मग पत्त्यांच्या कॅटमधली दोन पानं घेऊन थेंब एकमेकांत ढकलत एक मोठा थेंब करायचा, ड्रॉपरने ओढून थोडं पाणी असलेल्या बरणीत सोडायचा, उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपायचे. लाईट बंद करून टॉर्च जमिनीलगत तिरका धरला की राहिलेले कण चमकतात. झाडू नाही आणि व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही, तो पारा तापवून घरभर उडवतो.

ट्यूबा आणि सीएफएलमध्येही पारा असतो, अगदी थोडा, काही मिलिग्रॅम, पण आपल्या घरात त्या दाराच्या मागे उभ्या करून ठेवायची पद्धत आणि मग दिवाळीच्या साफसफाईत आडव्या होऊन फट्ट. नवीन ट्यूबच्या खोक्यात जुनी घालून ठेवा. एलईडीमध्ये पारा नसतो, तो दिवा ई-कचऱ्यात.

कानाच्या मशीनच्या त्या शर्टाच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या आधी शोधा. आजच. ड्रॉवरच्या कोपऱ्यात, उशीखाली, चष्म्याच्या डबीत, कुठे कुठे सापडतील. नणंदांची मुलं किती वर्षांची आहेत तुम्ही लिहिलं नाहीये, पण बटण सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतं, विशेषतः लिथियमचा असेल तर, तो रिमोटमध्ये आणि वजनकाट्यात असतो. दोन्ही बाजूंनी टेप लावून बरणीत टाका, बरणी वरच्या फळीवर. मशीन स्वतः चालू असेल तर ऑडिओलॉजिस्टला विचारा, कधी कधी दुरुस्त करून गरजू माणसाला देतात.

मोबाइल मात्र लगेच देऊ नका. तुम्ही म्हणाल आता ही का अडवतेय, पण सासूबाईंचा नंबर बँकेला, पेन्शनला, आधारला जोडलेला असणार, वारसाची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत सिम चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतात. माझ्या मैत्रिणीने आईचं सिम कात्रीने कापलं आणि नंतर एका एफडीसाठी सहा महिने हेलपाटे घातले. फोटो उतरवून घ्या, त्यांचे भजनाच्या ग्रुपवरचे आवाजी मेसेज असतील तर तेसुद्धा, अकाउंटातून लॉगआउट करा, मग रिसेट आणि मग ई-कचऱ्यात. ई-कचरा म्हणजे मोबाइल, चार्जर, एअर बेडचा पंप, वायरी, रिमोट, सगळंच. गल्लीतला भंगारवाला चार पैसे जास्त देईल पण वायरी जाळून तांबं काढणार आणि सर्किट ॲसिडमध्ये बुडवणार, तोही बिचारा आणि त्याची पोरंही तोच धूर खाणार. अधिकृत रिसायकलरकडे द्या, पावती मागा. एखाद्या फोनची पाठ फुगलेली असेल तर तो दाबू नका, चार्जिंगला लावून "बघू चालतोय का" करू नका, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत घालून बाल्कनीत सावलीला ठेवा आणि तो पहिला देऊन टाका. असल्या बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात.

एअर बेड, वॉकर, कमोडची खुर्ची, पाठ टेकवायचं स्टँड, ही भंगाराची कामं नाहीत. रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात ना, तुम्हीही कदाचित सुरुवातीला तिथूनच भाड्याने आणलं असेल, त्यांना दिलं की डिपॉझिटवर दुसऱ्या घरी जातं. एअर बेडला भोक असेल तर आधी सांगा. ऑक्सिजनचा सिलेंडर भाड्याचा राहिला असेल तर तो ज्याचा त्याला परत, तो कुठल्याच कचऱ्यात जात नाही.

एक्स-रे टाकू नका, फिल्ममध्ये चांदी असते आणि ती विकत घेणारे लोक आहेत, रद्दीवाल्याला विचारा. फायलींमधल्या रिपोर्टवरचं नाव-पत्ता आणि आधारच्या झेरॉक्सा फाडून मग रद्दीत. आणि साड्या! बोहारणी आता कमी झाल्या, पण कोथरूडच्या गल्ल्यांतून अजून एखादी हाक येते, नऊवारी असेल तर मात्र भांड्याच्या बदल्यात देऊ नका, दोन गोधड्या शिवून घ्या, नणंदांना एकेक. जुनी सुती साडी गोधडीत घातली की ती किती मऊ होते ते तुम्हाला मी काय सांगू.

देवांचे फोटो. इथे सगळ्यांचीच गाडी अडते. कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून आपण ते गुपचूप पिंपळाखाली किंवा नदीकाठी ठेवून येतो आणि हात जोडून मागे न बघता परततो, आणि पावसात ते फोटो भिजून, काचा फुटून, कुत्री त्यावर बसलेली, हे बघून आपल्यालाच वाईट वाटतं. मी काय करते सांगू? नमस्कार करून फोटो फ्रेममधून सोडवते. काच जाड कागदात गुंडाळून "काच" असं लिहून ताईच्या हातात देते, तोंडाने सांगूनसुद्धा. लाकडी चौकट कुणालातरी लागतेच. पत्र्याची असेल तर भंगारात. कागद बादलीत पाण्यात दोन दिवस भिजत ठेवला की लगदा होतो, तो कुंडीत मातीखाली. लॅमिनेट केलेला किंवा प्लॅस्टिकचा फोटो भिजत नाही, तो सुक्यात जातो, आणि त्यात पाप नाही, पाप असलंच तर नदीत टाकण्यात आहे. देवघरातली सुकी फुलं ओल्यात, पण हारातली जर आणि थर्माकोलचे मणी आधी काढून.

रोजच्या कचऱ्यावर मी व्याख्यान देत नाही, तुम्ही ओला-सुका करत असणारच, नसाल तर आजपासून दोन डबे. फक्त दुधाच्या पिशवीचं एक: कोपरा पूर्ण कापून वेगळा टाकू नका, चीर द्या आणि तो तुकडा पिशवीलाच लोंबू दे, मग पाण्याने विसळून वाळत घाला. तो एवढासा तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही आणि गटारात जातो, पिशवी मात्र ताई विकू शकते, पण आंबूस वासाची असेल तर भावच पडतो.

आणि मिस्टरांना काय सांगायचं, तर भांडू नका. एक दिवस रजा टाकून किंवा रविवारी सकाळी त्यांना कचरा द्यायला दारात उभं करा, ताई पिशवी कशी उघडते ते बघू द्या. आमच्याकडे असंच झालं, हे तेव्हापासून दाढीची ब्लेडं जुन्या पावडरच्या डब्याला फट पाडून त्यात टाकतात, मला न सांगता.

राहिली कवळी. ॲक्रिलिकची असते ती, रिसायकलिंगात सहसा जात नाही, शेवटी सुक्यातच जाईल कधीतरी, पण तिची घाई कुणाला आहे? गणपती होऊ दे, पुढच्या चैत्रात वर्षश्राद्ध होऊ दे, तोवर राहू दे त्या ग्लासात. फक्त ग्लासातलं पाणी आज ओतून टाका आणि कोरडी ठेवा, पावसाळा आहे, महापालिकेचे डेंग्यूवाले डास तपासायला आले आणि त्यात अळ्या सापडल्या तर सासूबाईंच्या नावाने नोटीस यायची.